दगडावरचा निळा चुना

आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात एक काचेचं कपाट आहे. त्यात लाल मखमलीवर नारळाएवढा काळा दगड ठेवलाय आणि त्याच्यापुढे पितळी पाटी: "वाघझरी येथील उल्का. कै. नीळकंठराव यांच्या शेतात आकाशातून पडली. दाते: संस्थेचे संस्थापक, दानशूर कै. नीळकंठराव."

दानशूर! दोन वर्षांपूर्वी पुसदहून बदली होऊन मी यवतमाळला भूगर्भशास्त्र शिकवायला आले, तेव्हापासून त्या पाटीसमोरून जाताना रोज माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण तो दगड कुणाच्या शेताबितात पडलेला नाही. तो आमच्या घरात पडला, माझ्या आईच्या पायावर. आणि ज्यानं तो उचलून नेला तो दानशूर ठरला, माझा बाप मात्र बायकोचा पाय मोडणारा ठरला. माझे बाबा अजून आहेत, सत्तरी ओलांडली आहे. ते जायच्या आत हे निस्तरायचं, एवढं एकच माझ्या मनात होतं.

झालं ते असं. आईचं नाव पंचफुला, बाबांचं धर्मपाल. वाघझरी म्हणजे कळंबच्या अलीकडचं गाव. आमची वस्ती गावाच्या कडेला आणि वस्तीला लागून मागे नीळकंठरावांचं शेत. बाबा गवंडीकाम करायचे. मी तेव्हा पाळण्यात होते. बाबासाहेबांची जयंती नुकतीच झाली होती, म्हणजे घराला नवा चुना लागलेला होता. आमच्या वस्तीत पांढरा चुना देत नाहीत. कपड्यांना घालतात ती नीळ चुन्यात कालवायची आणि आतून-बाहेरून भिंती निळ्या करायच्या. दर वर्षी जुन्या हातावर नवा हात. सकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत बसली होती. आभाळात सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला आणि छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फोडून दगड तिरपा आत आला, भिंत खरवडत खाली उतरला आणि आईच्या नडगीवर बसला. हाड मोडलं.

बाबांनी दगड उचलून अंगणात टाकला आणि ते बैलगाडी बघायला धावले. तेवढ्यात आवाज ऐकून नीळकंठराव जीप घेऊन आले. वकील माणूस, नुकतंच कॉलेज काढलेलं, वाचन दांडगं. त्यांनी अंगणाच्या कडेला उभं राहूनच दगड ओळखला. घरात पाऊल टाकलं नाही. आत बाई विव्हळत होती, तरी डोकावले नाहीत. गड्याकडून दगडावर बादलीभर पाणी ओतून घेतलं, मग आणखी एक बादली, मग पोत्यात भरून तो जीपमध्ये ठेवला. बैलगाडी घेऊन आलेल्या बाबांना म्हणाले, "तपासून परत देतो." त्या जीपमध्ये दगडाला जागा होती, माझ्या आईला नव्हती. ती बैलगाडीतून दवाखान्यात गेली.

डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? आई म्हणाली, आभाळातून दगड पडला. डॉक्टर हसला आणि त्यानं पोलिसांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, की नीळकंठरावांच्या शेतात उल्का पडली. ती वाचून पोलीस त्यांच्याकडे विचारायला गेले होते, एवढं मात्र खरं. नीळकंठराव म्हणाले, "दगड माझ्या शेतात पडला. त्यांच्या घरात काय झालं ते मला कसं ठाऊक असणार?" झालं. बाबांना उचलून नेलं, कोंडून ठेवलं आणि पुन्हा बायकोवर हात उगारणार नाही असं लिहून घेऊन सोडलं. कधीच न उगारलेला हात पुन्हा उगारणार नाही म्हणे!

त्यानंतर गावाला चघळायला विषय मिळाला. रस्त्यापलीकडची मैनाबाई तर बाबा कामावर निघाले की ओट्यावरून विचारायची, "काहून धर्मपाल, आज कोन्ता गोटा घेतला हातात?" आणि चार जण फिदीफिदी हसायचे. एका जयंतीला बाबा विहारासमोर बोलायला उभे राहिले, बायांच्या शिक्षणावर. चांगलं बोलत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "आधी बायकोच्या पायाकडं पाह्य!" बाबांनी माइक खाली ठेवला तो पुन्हा कधी हातात घेतला नाही. आई जन्मभर लंगडत चालली आणि तिचं प्रत्येक पाऊल गावाला बाबांविरुद्धची साक्ष वाटत राहिलं. तिनं बिचारीनं दिसेल त्याला खरं सांगितलं. लोक म्हणायचे, नवऱ्याले झाकून राह्यली.

इकडे यवतमाळात दगडाची भरभराट झाली. पाण्यानं धुऊनही दगडावरच्या खळग्यांत निळसर काहीतरी राहिलं होतं. नीळकंठरावांनी त्यावर लेख लिहिला, की या उल्केत पृथ्वीवर कुठेही न सापडणारं निळं खनिज आहे. तो लेख छापून आला, फ्रेम होऊन भिंतीवर लागला. कॉलेजच्या अंकाचं नाव 'नीलउल्का'. दर वर्षी नीलउल्का व्याख्यानमाला. मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी काचेतून ते निळं पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल ते काय आहे! पण हे सांगायला आमच्या घरात कधीतरी पाय ठेवलेला असावा लागतो. एवढा शिकलेला माणूस, आकाशातलं ओळखलं त्यानं, आणि शेजारच्या घराची भिंत आतून कशी दिसते ते त्याला आयुष्यात माहीत नव्हतं.

संस्थेचे आताचे सचिव मंदार सर हे नीळकंठरावांचे नातू. माझ्याच वयाचे, बोलायला गोड. मी त्यांच्याकडे दोनदा गेले. ते म्हणाले, "साधना मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण हे विज्ञान आहे. पुरावा लागतो." मी म्हटलं, कपाट उघडा, पुरावा दाखवते. किल्ली त्यांच्याकडेच असते. ते म्हणाले, संस्थापकांची आठवण आहे, असं कुणालाही हाताळू देता येत नाही. कुणालाही!

यंदा हिवाळ्यात मात्र कपाट उघडावं लागलं. जुन्या संग्रहालयांत पडून राहिलेल्या उल्का नव्या पद्धतीनं पुन्हा तपासायचं एक काम निघालंय, त्यासाठी नागपूरहून भैरवी नावाची संशोधक आली. तिशीतली, कामाशी काम ठेवणारी. मंदार सरांना वाटलं, आता आजोबांच्या खनिजावर शिक्कामोर्तब होणार. त्यांनी फोटोग्राफरसुद्धा बोलावून ठेवला होता.

भैरवीनं खळग्यातला एक कण सुईनं काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे खनिज नाही. हा चुना आहे. थर आहेत, निळ्यावर निळा. खाली माती, शेण आणि गवताच्या काड्या. प्रयोगशाळेत नक्की कळेल, पण निळा रंग बहुतेक कपड्यांच्या निळीचा आहे."

मंदार सरांचा चेहरा पडला. फोटोग्राफरला त्यांनी चहाला पिटाळलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे घाणच ना? मग साफ करून टाका. आत्ताच. उगाच बोभाटा नको."

"साफ तर करावंच लागेल," भैरवी म्हणाली. "बाहेरचा मळ काढल्याशिवाय दगडाची तपासणी नीट होत नाही." तिनं ब्रश काढला, बाटली उघडली, कापूस भिजवला.

मी दगडावर हात ठेवला. सरळ पंजाच ठेवला. दोघंही माझ्याकडे बघायला लागली. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "मळ नाही तो," मी म्हटलं. "माझ्या घराची भिंत आहे. एकदा बादल्या ओतून धुऊन झालं, तरी ती निघाली नाही. आता कापसानं पुसायला निघालात? माझ्या बापाजवळ एवढा एकच साक्षीदार आहे."

मग मी भैरवीला सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते सगळं. मंदार सर मध्येमध्ये "मॅडम, मॅडम" करत होते. भैरवीनं बाटलीचं झाकण लावलं. पण लगेच माझ्या बाजूनं झाली नाही. म्हणाली, "तुम्ही मुलगी आहात. तुम्ही सांगता म्हणून मी लिहू शकत नाही. निळी घरं पुष्कळ असतात. ती भिंत अजून आहे का?"

भिंत होती. घरकुल योजनेत नवं घर बांधलं तेव्हा बाबांनी जुन्या घराची एक भिंत ठेवली आणि तिला टेकून बकऱ्यांचा गोठा केला. आई अजून दर एप्रिलमध्ये तिच्यावर निळा हात फिरवते. बकऱ्यांसाठी कायले एवढं, असं विचारलं तर म्हणते, भिंतीसाठी.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाघझरीला गेलो. मंदार सर आपल्या गाडीनं मागे आले, तेही बरंच झालं. आईनं दारातूनच हाक दिली, "ये ना बाई, आत ये. बाहेर कायले उभी राह्यली?" भैरवी चप्पल काढून आत गेली, पाणी प्याली, चहा प्याली. आई म्हणाली, "साखर जास्त झाली का व?" ती म्हणाली, "नाही, मावशी, बरोबर आहे." मंदार सर अंगणाच्या कडेला फोनवर बोलत उभे होते. फोन खरा होता की खोटा, देव जाणे.

गोठ्यात बाबा भिंतीपाशी गेले. जन्मभर भिंतींचं काम केलेला माणूस, हात फिरवून एका जागी थांबले. "इथं खरवडलं होतं," ते म्हणाले. "मीच बुजवलं मातीनं, लगोलग. पावसाचं पानी आत आलं असतं."

"पोलिसांना दाखवलं नव्हतं?" भैरवीनं विचारलं.

"पाहाले कोनी आलंच नाही, बाई. मले घेऊन गेलते, भिंतीले कोनी इचारलं नाही."

भैरवीनं त्या जागेच्या कडेचा चुना नखाएवढा सोलून डबीत घेतला. मग आतली बुजवलेली माती जपून उकरली. ती कागदावर पाडली आणि कागदाखालून एक लोहचुंबक फिरवलं. मातीतून बारीक काळे कण उठले आणि चुंबकाबरोबर कागदावर सरकायला लागले. तशा दगडात लोखंडाचे कण असतात, हे मी मुलांना दर वर्षी शिकवते. तरी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी मी कागदावर वाकले. दगडावर आमची भिंत होती आणि आमच्या भिंतीत तो दगड. इतकी वर्षं तो तिथेच, बकऱ्यांच्या मागे. बाबा चुंबकाकडे बघत राहिले. मग खाली बसले.

अहवाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत मंदार सरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून सुचवलं, की अहवालात "स्थानिक वस्तीतील संपर्क" असं मोघम लिहिता येईल. मी म्हटलं, संपर्क? तुमच्या आजोबांनी तोच तर टाळला होता. ते पुन्हा काही सुचवायला आले नाहीत.

अहवाल आला. चुना तोच, नीळ तीच, थरावर थर जुळत होता. भिंतीतले कण त्याच दगडाचे. भैरवीनं उल्केच्या अधिकृत नोंदीत लिहून टाकलं: घराचे छप्पर फोडून आत पडली, एक स्त्री जखमी. ती मला फोनवर म्हणाली, "मॅडम, जगात उल्केनं माणूस जखमी झाल्याच्या खात्रीच्या घटना अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तुमच्या आईचं नाव केव्हाच सगळीकडे जायला हवं होतं." मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. एवढी दुर्मिळ गोष्ट, आणि तिच्या वाट्याला काय आलं? लंगडं चालणं आणि लोकांचं हसणं.

मग संस्थेला एकदम उमाळा आला. शाल, श्रीफळ, सत्कार. मी आई-बाबांना घेऊन गेले, कारण आईला तो दगड एकदा बघायचा होता. ती कपाटासमोर उभी राहिली. "एवढासाच होता का व?" म्हणाली. "मले त लय मोठा वाटला होता."

मंदार सर हात जोडून पुढे आले. "आजी, दैवच म्हणायचं. एवढं मोठं आकाश, एवढी जमीन, आणि नेमका तुमच्याच घरावर पडला. आजोबांचाही काही वाईट हेतू नसावा. गडबडीत झालं असेल."

आईनं शाल घेतली नाही. त्यांच्याकडे नीट बघून ती म्हणाली, "बापू, आभायावर माहा राग नाही. घर कोनाचं हाय हे आभायाले ठाऊक नव्हतं. तुह्या आज्याले ठाऊक होतं."

मंदार सरांचे जोडलेले हात तसेच राहिले. मग ते चाचरत म्हणाले, पाटी बदलू, तुम्ही सांगाल तसं लिहू. आई म्हणाली, "लिही मंग. हा गोटा पंचफुलाच्या घरात पडला अन् तिचा पाय मोडला. तिच्या मालकानं तिले कधी हात लावला नाही."

"आजी, पहिलं वाक्य ठीक," मंदार सर म्हणाले. "दुसरं कौटुंबिक झालं. संग्रहालयाच्या पाटीवर फक्त वैज्ञानिक माहिती असते."

"आणि 'दानशूर' हे कोणतं विज्ञान?" मी विचारलं. "दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलून दान करणाऱ्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात, तेही सांगा."

दोन्ही वाक्यं लिहिली गेली. पितळी पाटी निघाली. नवी लागली तेव्हा बाबांनी ती दोनदा वाचली, बोट फिरवत. मला वाटलं आता त्यांचे डोळे भरतील. ते मंदार सरांकडे वळले आणि म्हणाले, "अन् हे गावात कवा लावता?"

त्यांचं बरोबर होतं. यवतमाळच्या काचेतल्या पाटीचा बाबांना काय उपयोग? त्यांची अब्रू यवतमाळात गेलीच नव्हती, ती वाघझरीच्या रस्त्यावर गेली होती. मी हटून बसले. पुढच्या रविवारी मंदार सरांना वाघझरीच्या चौकात आणलं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तशीच पाटी लावली आणि त्यांनाच ती मोठ्यानं वाचायला लावली. माणसं जमली होती. दुसरं वाक्य वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, सर, मागच्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं.

वाचून झालं. म्हातारी मैनाबाई काठी टेकत पुढे आली. तिनं बाबांच्या हातावर हात ठेवला, मोठ्या मायेनं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमाले त ठाऊकच होतं, धर्मपाल. तू तसा मानूस नाहीस, हे का कोनाले सांगा लागते? म्या सोता आवाज आयकला होता. कवेलू फुटलेले पाह्यले होते या डोयानं." आजूबाजूच्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. हो हो, ठाऊक होतं, सगळ्यायले ठाऊक होतं.

बाबांनी तिचा हात आपल्या हातावरून काढला. आयुष्यात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं.

"ठाऊक होतं? मंग काहून नाही बोलले?"

चौकात शंभर माणसं असतील. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत तसेच उभे राहिले, उत्तर येईल म्हणून. मैनाबाई खाली बघत होती. शेवटी आईनं बाबांचा हात धरला आणि म्हणाली, "चला घरी." ती पुढे निघाली, लंगडत, आणि तिला वाट द्यायला माणसं बाजूला सरकली.